आकडा नंतर, आधी अंतर: तलावातल्या बोटींना वेगमर्यादा कशी असावी?

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक स्पीडबोट येऊन आदळली. स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. प्रवाशांनी मोबाइलवर घेतलेल्या चित्रणात ती दुरून वळणं घेत येताना दिसते आणि बघता बघता अंगावर येते. दहाहून अधिक माणसं गेली. ते चित्रण पाहून अनेकांना एकच प्रश्न पडला: एवढं मोकळं पाणी असताना टक्कर होतेच कशी?

पुणेकरांसाठी हा प्रश्न लांबचा नाही. पानशेतला स्पीडबोटीची आणि वॉटर स्कूटरची फेरी मिळते, पवनेच्या काठावर शनिवार-रविवारी तंबू पडतात आणि पाण्यात कयाक उतरतात. त्याच पाण्यात मच्छीमारांची जाळी असतात, पोहणारी पोरं असतात, फुगवट्यापलीकडच्या वाडीवर होडीने जाणारी माणसंही असतात. बोटींना वेगमर्यादा घालायची म्हटलं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, रस्त्याला आहे तर पाण्याला का नको? दुसरा म्हणतो, तलावात ना सिग्नल ना वाहतूक, तिथे कसली मर्यादा? दोघांच्याही डोक्यात पाटीवर रंगवलेला एक आकडा असतो. पाण्यावर मात्र आकड्याआधी एक दुसरी गोष्ट ठरवावी लागते: काठापासून, माणसापासून आणि दुसऱ्या बोटीपासून किती अंतराच्या आत हळू जायचं. ते का, हे कळायला बोट कशी चालते ते आधी पाहू.

बोटीला ब्रेक नसतो

दुचाकीवर कुत्रं आडवं आलं की आपण ब्रेक दाबतो. बोटीत दाबायला काही नाही. थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवणारा दांडा, मागे घेतला की बोट पाण्यात बसते आणि पाण्याच्या विरोधानेच हळूहळू थांबते. जोरात असताना एकदम रिव्हर्स टाकला तर गिअरचे दाते जाऊ शकतात. शिवाय बोट अचानक मंदावली की तिनेच मागे उठवलेली लाट तिला गाठते आणि मागच्या फळीवरून आत शिरते.

वळण्याची तऱ्हाही मोटारीपेक्षा वेगळी. मोटारीची पुढची चाकं वळतात आणि मागचा भाग त्यांच्यामागे जातो. बोटीला वळवणारं बळ मागून लागतं. नाक आत वळतं आणि शेपूट बाहेर फेकलं जातं. समजा उजव्या हाताला पोहणारा दिसला आणि चालकाने घाबरून डावीकडे वळवलं, तर बोटीचं शेपूट, आणि तिथेच पाण्याखाली फिरणारा, बोटीला ढकलणारा पंखा, नेमका त्या माणसाच्या दिशेने झुकतो. म्हणूनच बोटीतून कुणी पाण्यात पडलं तर तो ज्या बाजूला पडला त्याच बाजूला नाक वळवायचं आणि इंजिन न्यूट्रलला आणायचं, असं शिकवतात. त्याने पंखा त्याच्यापासून दूर जातो. हे सुचायला आणि करायला दोन-तीन सेकंद हाताशी असावे लागतात.

वॉटर स्कूटरचं आणखी वेगळं. तिला पंखा बाहेर नसतो, पाण्याचा झोत मागे फेकून ती पळते, आणि हँडल त्या झोताचीच दिशा बदलतं. झोत बंद तर वळणंही बंद. नवख्या माणसाला समोर बोट दिसली की तो दचकून थ्रॉटल सोडतो आणि हँडल फिरवतो. स्कूटर मात्र आहे त्याच दिशेने सरळ घसरत जाते. अलीकडच्या काही गाड्यांत यावर उपाय आहेत, पण जुन्या गाड्याही चालतात. दहा मिनिटांच्या फेरीसाठी आलेल्या पर्यटकाला ही एक गोष्ट आधी सांगितली, तर तो घाबरल्यावरही थोडा थ्रॉटल ठेवून वळवेल.

वेग दुप्पट, मार चौपट

धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. हे समजायला उंचीचं माप सोपं पडतं. ताशी २० किलोमीटरने बसलेली धडक म्हणजे साधारण दीड मीटरवरून, म्हणजे छातीएवढ्या उंचीवरून पडणं. ताशी ४० ची धडक सव्वासहा मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखी. ताशी ६० ला ही उंची १४ मीटर होते, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीच्याही वर. वेग तिप्पट झाला तर उंची नऊपट झाली. बोटीत सीटबेल्ट नसतो, एअरबॅग नसते, आणि समोर कयाक असेल तर तिच्यातल्या माणसाच्या आणि बोटीच्या नाकाच्या मध्ये काहीच नसतं.

चालकाला नेमकं काय दिसतं?

आपल्या धरणांत ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर किंवा थर्मोकोलवर बसून जाळं टाकणारे मच्छीमार असतात. पाय पाण्यात, हातात जाळ्याची दोरी, पाण्याच्या वर दिसतात ते फक्त डोकं, खांदे आणि काळ्या ट्यूबची कड. दुपारी चारनंतर ऊन पाण्यावर तिरकं पडतं, सगळं पाणी चमचमतं, आणि दीडशे मीटरवरचा तो माणूस एका काळ्या ठिपक्याएवढा उरतो. पाण्यावर असे ठिपके पुष्कळ असतात: पाणकावळा, तरंगता ओंडका, प्लास्टिकचा डबा.

ताशी ६० ने येणाऱ्या बोटीला दीडशे मीटर कापायला ९ सेकंद लागतात. त्यातले दोन-तीन ‘हे काय आहे’ हे ओळखण्यात जातात, आणखी दोन सेकंद हात हलण्यात आणि बोटीने प्रतिसाद देण्यात. ताशी २० ने हेच अंतर २७ सेकंदांचं होतं. दोन बोटी समोरासमोर ५०-५० ने येत असतील तर त्या एकमेकींकडे ताशी १०० ने सरकत असतात, आणि तीनशे मीटरचं अंतर ११ सेकंदांत संपतं.

रोइंग करणाऱ्यांचं तर तोंडच उलट दिशेला असतं. सीओईपीच्या बोट क्लबची मुलं संगमाजवळ वल्हवताना ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे माहीत आहे. वल्हवणारा पाठीमागच्या दिशेने जात असतो. आपण कुठे चाललोय ते बघायला त्याला मान वळवावी लागते. त्याच्या नावेची कड पाण्यापासून जेमतेम वीतभर वर असते. त्याला धडकायचीही गरज नाही, जवळून गेलेल्या बोटीची लाट पुरते.

लाटेच्या दृष्टीने सगळ्यात वाईट वेग मधला असतो

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. वेग जास्त तर लाट मोठी, असं आपण धरून चालतो, आणि ते पूर्ण खरं नाही.

बोट हळू असते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते. ताट बादलीत हळू सरकवावं तसं. या अवस्थेला एक नैसर्गिक मर्यादा आहे. पाण्याला टेकलेल्या बोटीची फुटांतली लांबी घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा. जे येईल तो वेग नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. सोळा फुटी बोटीसाठी हे ५.४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १० किलोमीटर. याच्या पुढे जायचं तर बोटीला स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. नाक वर उठतं, शेपूट रुततं, मागे जाडजूड लाट उभी राहते. घाटात भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये घुरघुरतो तशी ही अवस्था. इंजिनाने आणखी जोर लावला की बोट त्या चढावर चढून पाण्याच्या पृष्ठभागावर घसरायला लागते. याला प्लेनिंग म्हणतात, बोट ‘उठली’ असंही म्हणता येईल. उठलेल्या बोटीमागची लाट उलट लहान होते.

म्हणजे पंधरा-अठरा फुटी बोटीला साधारण ताशी १२ ते २२ किलोमीटरचा पट्टा सर्वांत वाईट. नेमका आकडा बोटीगणिक आणि वजनागणिक बदलतो. या पट्ट्यात लाट सर्वांत मोठी असते, पेट्रोल जास्त जळतं, आणि नाक वर असल्याने चालकाला समोरचं पाणी दिसतही नाही. चार जणांच्या बोटीत सहा बसवले तर ती बिचारी उठतच नाही, पूर्ण फेरी याच पट्ट्यात रडत-रखडत जाते.

लाटेतली ऊर्जाही तिच्या उंचीच्या वर्गाने वाढते. दुप्पट उंच लाट काठावर चौपट जोराने आपटते. मोठ्या उघड्या पाण्यात वाऱ्याच्याच लाटा इतक्या असतात की बोटींच्या लाटांनी काठाचं फारसं बिघडत नाही. पण फुगवट्याच्या चिंचोळ्या फाट्यात, जिथे वारा पोचत नाही आणि काठ मातीचा किंवा मुरुमाचा असतो, तिथे दिवसभराच्या लाटा काठ खणतात. ती माती धरणातच बसते. खडकवासल्याची साठवण जेमतेम १.९७ टीएमसी आहे, आणि ते पाणी आपल्या नळाला येतं.

यातून निघणारा धडा असा की काठाजवळ ‘जरा हळू’ उपयोगाचं नाही. ५० वरून १८ वर आलेला चालक स्वतःच्या मते हळू झालेला असतो, आणि काठावरच्या होडीला मात्र त्याने सर्वांत मोठी लाट दिलेली असते. हळू म्हणजे ताशी ८ किलोमीटरच्या आत. बोटीमागे पांढरा फेस नाही, नाक सपाट, आणि काठाने झपझप चालणारा माणूस फार मागे पडत नाही, इतकं हळू.

इतरांनी काय ठरवलं?

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात विनिपसॉकी नावाचा मोठा तलाव आहे. तिथे वर्षानुवर्षं वाद झाला. २००९ पासून दिवसा ताशी ४५ मैल (७२ किलोमीटर) आणि रात्री २५ मैल (४० किलोमीटर) अशी मर्यादा आधी ठरावीक मुदतीसाठी आली, २०१० मध्ये ती कायम झाली. विरोधकांचं म्हणणं वजनदार होतं. राज्यात आधीपासून नियम होताच: दुसरी बोट, पोहणारा किंवा धक्का यांच्यापासून १५० फुटांच्या आत ताशी ६ मैलांच्या आसपास, म्हणजे बोट वळवता येईल इतक्याच वेगाने जायचं. तोच नीट पाळला तर नवा आकडा कशाला? समर्थक म्हणत होते, अपघातांची मोजदाद पुरेशी नाही, भीतीने पाण्यात उतरणंच सोडून दिलेली कुटुंबं त्या मोजदादीत येत नाहीत.

इंग्लंडमधल्या विंडरमिअर तलावावर २००५ पासून सरसकट १० नॉटची मर्यादा आहे, काही भागांत ६ नॉट. १० नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. लहान स्पीडबोटीसाठी हा तोच नको असलेला पट्टा आहे, पण तिथला हेतू वेगळा होता. इतक्या वेगात वॉटर स्कीइंग, म्हणजे बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरणं, होऊच शकत नाही, त्यामुळे तो खेळ तिथून गेला. हे तलाव कुणासाठी आहे याचं उत्तर होतं. नियम लागू करण्याआधी लोकांना पाच वर्षांची मुदत दिली होती, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

न्यूझीलंडचा नियम मला सर्वांत शहाणा वाटतो. काठापासून २०० मीटरच्या आत आणि कुठल्याही बोटीपासून किंवा पोहणाऱ्यापासून ५० मीटरच्या आत ५ नॉट, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. यात आकडा अंतराला बांधलेला आहे. समुद्रातल्या आंतरराष्ट्रीय नियमांतही वेगाचा आकडा नाही, ‘सुरक्षित वेग’ आहे: दिसतं किती, गर्दी किती, बोट किती लवकर थांबते, वारा कसा आहे, हे पाहून ठरवायचा.

आपल्याकडचा पेच: काठच सरकतो

विनिपसॉकी आणि विंडरमिअर हे नैसर्गिक तलाव आहेत, त्यांचा काठ जवळपास जागेवर असतो. पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी ही धरणं आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरात भरलेलं धरण मे महिन्यात कित्येक मीटर खाली गेलेलं असतं. पावसाळ्यानंतर जिथे काठापासून तीनशे मीटर आत बोट फिरत होती, तिथे उन्हाळ्यात गुडघाभर पाणी किंवा चिखल असतो. बुडालेल्या गावांचे चौथरे, बांध, झाडांची खोडं हळूहळू वर येतात. उघडी पडली की धोका कळतो. धोका असतो तो वीतभर पाण्याखाली असताना. त्यावर ताशी ४० ने पंखा आपटला की आधी पंख्याची पाती जातात, मग बोट जागच्या जागी थांबते आणि माणसं पुढे फेकली जातात.

म्हणून जेट्टीवर पाटी लावून ‘लाल खुणेच्या पुढे वेग’ असं ठरवलं तर ती खूण सहा महिन्यांत चुकीची होते. नियम त्या दिवशीच्या पाण्याच्या काठापासून मोजलेला हवा. पाण्यात तरंगते बोये लावायचे तर त्यांचीही अडचण असते. दोरी भरलेल्या पाण्याच्या मापाची ठेवली तर पाणी उतरल्यावर ती सैल पडते आणि बोया वाऱ्यावर भटकतो. यावर जुना, स्वस्त उपाय आहे. तळाच्या नांगराची दोरी बोयाच्या खालच्या कडीतून ओवायची आणि दुसऱ्या टोकाला नांगरापेक्षा बरंच हलकं वजन लटकवायचं. पाणी उतरलं की वजन खाली जातं आणि दोरी ताणलेलीच राहते. दोरी भरलेल्या खोलीएवढी असेल तर पाणी साधारण निम्म्यावर येईपर्यंत हे चालतं. त्यानंतर वजन तळाला टेकतं, म्हणजे बोया आत सरकवायची वेळ झाली.

‘आपले अपघात तर जास्त माणसं भरल्याने होतात!’

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या, त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. २१ मे २०२४ ला उजनीत कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. या दोन्ही दुर्घटनांत वेगमर्यादेने काही वाचलं नसतं. तिथे लाइफ जॅकेट, माणसांची मोजणी आणि वारा सुटल्यावर फेरी रद्द करण्याची हिंमत लागत होती. पैसे आणि माणसं एकाच गोष्टीपुरती असतील तर ती आधी जॅकेटवर आणि मोजणीवर लावावीत.

पण एक काम राहिलं म्हणून दुसरं नको, असं होत नाही. पाण्यात वेगवान बोटी आणि शांत माणसं यांची सरमिसळ वाढते आहे, आणि वेगाचा धोका बोटीतल्या माणसापेक्षा बोटीबाहेरच्या माणसाला जास्त आहे. त्याने तिकीट काढलेलं नसतं.

‘धंदा बसेल’

सरसकट ताशी १५ ची मर्यादा घातली तर नक्की बसेल. स्पीडबोटीत बसणारा माणूस वेगासाठीच पैसे देतो. अंतराचा नियम मात्र धंदा मारत नाही. जेट्टीपासून २०० मीटर सावकाश बाहेर जायचं, खोल आणि मोकळ्या पाण्यात नाक वळवायचं, आणि मग एकदम जोर देऊन बोट उठवायची, रेंगाळायचं नाही. ताशी ८ ने २०० मीटरला दीड मिनिट लागतं. जाऊन-येऊन तीन मिनिटं. दहा मिनिटांच्या फेरीत ती जातात हे खरं, तेव्हा फेरी तेरा मिनिटांची करावी आणि दर त्याप्रमाणे ठेवावा. भिगवणला रोहित पाहायला नेणारे नावाडी पक्ष्यांजवळ सावकाशच जातात. घाई केली तर पक्षी उडतात आणि गिऱ्हाईक नाराज होतं. तिथे हळू जाणं हाच धंदा आहे.

मधल्या पाण्यातही ताशी ४० च्या आसपास एक कमाल मर्यादा असावी असं माझं मत आहे. आपली धरणं लांबट आणि वळणावळणाची आहेत, एका सोंडेमागून दुसरी बोट कधी निघेल ते दिसत नाही. सूर्यास्तानंतर मौजेची फेरी तर नकोच.

‘पण मोजणार कोण?’

बऱ्याच बोटींना वेगदर्शक नसतो आणि असला तरी शेवाळ-कचरा अडकून बंद पडतो. मोबाइलचा जीपीएस मात्र धरणाच्या संथ पाण्यात पुरेसा अचूक वेग दाखवतो. पोलिसांची रडार गन पाण्यावर फसवते: बोट थेट तुमच्याकडे येत असेल तरच आकडा खरा, साठ अंशाच्या कोनात जात असेल तर निम्माच दिसतो.

सगळ्यात भरवशाची युक्ती दोन काठ्यांची. काठावर १०० मीटर अंतरावर दोन उंच काठ्या रोवायच्या आणि काठाला समांतर जाणाऱ्या बोटीला एका काठीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागले ते मोबाइलच्या घड्याळावर मोजायचं. ४५ सेकंद लागले तर ताशी ८, ३६ लागले तर १०. ९ सेकंदांत गेली तर ताशी ४०, सहात गेली तर ६०. अंतराच्या नियमासाठी तर घड्याळही नको. काठापासून दोनशे मीटरच्या आत बोटीमागे पांढरा फेस दिसला की नियम मोडला, हे ग्रामसुरक्षा दलातल्या मुलालाही फोटो काढून दाखवता येतं. त्यासाठी प्रत्येक बोटीच्या दोन्ही बाजूंवर वीतभर उंचीचा नोंदणी क्रमांक हवा.

देशांतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. राज्यात बोटींचे परवाने महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे, धरणाचं पाणी आणि काठ जलसंपदा विभागाकडे, बंदोबस्त पोलिसांकडे. टाटांचं मुळशी आणखी निराळं. त्यामुळे एका धरणापुरता नियम करायचा तरी या सगळ्यांना एका टेबलाशी बसवावं लागेल, आणि तिथे बोटमालकांइतकीच मच्छीमार संस्थेची आणि पैलतीरावरच्या वाड्यांची खुर्ची हवी.

तोवर तुम्ही फेरीला जाल तेव्हा चालकाच्या मनगटाकडे किंवा जॅकेटकडे बघा. तिथे लाल रंगाची, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली दोरी अडकवलेली असायला हवी. तिचं दुसरं टोक इंजिनाच्या बटणात असतं. चालक पाण्यात फेकला गेला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. ती लावलेली नसेल तर मोकळी बोट चालू पंख्यासह गोल गोल फिरत राहते, बऱ्याचदा पडलेल्या माणसाभोवतीच. दोरी डॅशबोर्डवर लोंबकळत असेल तर ती लावायला सांगा, आणि लावेपर्यंत बोटीत पाय ठेवू नका.